उंच माणसाला तट्टू चालत नाही? साफ चूक

सहा फुटी माणसानं तट्टावर बसू नये, ते पोरांचं वाहन, असं ब्रिटनमध्ये अजूनही सर्रास ऐकू येतं. पण जनावराच्या पाठीला उंची नाही, वजन कळतं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांच्या आत राहावं, हा तिथला रूढ दंडक. म्हणजे 500 किलोच्या हायलँड तट्टाला 100 किलो ही कमाल. खांदा जेमतेम 148 सेंटिमीटर असला तरी. याच जातीची तट्टं स्कॉटलंडच्या डोंगरांतून शिकार केलेली हरणं पाठीवर उतरवत आलीत. आपल्या मराठा स्वारांची भीमथडी तट्टंही ठेंगणीच होती.

मात्र तट्टू चरबीनं फुगलं असेल, तर ते वजन हिशेबात धरू नका. चरबी ओझं उचलत नाही, ती स्वतःच ओझं असते.

आणि लोंबकळणारे पाय? ते छातीवर ठरतं. हायलँड, डेल्स, वेल्श कॉब या ब्रिटिश जातींची छाती खोल, बरगड्या गोलसर. लांब पाय तिथं सामावतो. अरुंद अंगाच्या उंच घोड्यावरही टाच पोटाखाली जाऊ शकते. म्हणून घेण्याआधी बसून बघा, आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा.