कराटे वर्ग, बेल्ट परीक्षा आणि शालेय स्पर्धा: प्रवेश, पात्रता व कागदपत्रे

कराटेच्या वर्गात मुलाचे किंवा मुलीचे नाव घातल्यावर दोन-चार वर्षांत पालकांच्या फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारची प्रमाणपत्रे साठतात. पहिले, वर्गाने किंवा त्या शैलीच्या संस्थेने दिलेले बेल्टचे प्रमाणपत्र. दुसरे, ठिकठिकाणी भरणाऱ्या खुल्या स्पर्धांचे. आणि तिसरे, महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धेचे. ही तिन्ही दिसायला सारखीच रंगीत आणि शिक्क्यांनी भरलेली असली, तरी त्यांचे मार्ग, पात्रतेच्या अटी आणि पुढचा उपयोग पूर्णपणे निराळे आहेत. बेल्टच्या प्रमाणपत्रावर दहावीचे सवलतीचे गुण मिळत नाहीत आणि शालेय स्पर्धेतील पदकामुळे पुढचा बेल्ट मिळत नाही, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच समजून घेतली तर पुढची बरीच धावपळ वाचते.

वर्गातील प्रवेश

कराटे वर्ग चालवण्यासाठी किंवा बेल्ट देण्यासाठी शासन परीक्षा घेत नाही. बेल्ट ही त्या-त्या शैलीच्या संस्थेची अंतर्गत श्रेणी आहे. म्हणून प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी वर्ग कोणत्या शैलीचा आहे आणि कोणत्या संस्थेशी जोडलेला आहे, हे प्रशिक्षकांना विचारावे. शोतोकान, गोजु-र्यू, शितो-र्यू आणि वादो-र्यू या जागतिक स्पर्धांत सर्वाधिक दिसणाऱ्या चार शैली आहेत आणि महाराष्ट्रातील बहुतेक वर्ग त्यांपैकी एकीचे, बहुधा शोतोकानचे, असतात. बदली झाल्यामुळे किंवा घर बदलल्यामुळे वर्ग बदलावा लागला आणि नव्या वर्गाची शैली वेगळी निघाली, तर जुना बेल्ट मान्य करायचा की नाही हे नवे प्रशिक्षक ठरवतात. अनेक ठिकाणी एक-दोन पायऱ्या खाली येऊन सुरुवात करावी लागते आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी कोणतेही कार्यालय नाही.

प्रवेशासाठी साधारणपणे भरलेला अर्ज, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, जन्मतारखेचा पुरावा, आधार कार्डाची प्रत आणि अल्पवयीन विद्यार्थ्यासाठी पालकांचे संमतीपत्र एवढे पुरते. संमतीपत्रावर सही करताना त्यातील मजकूर वाचावा. दुखापत झाल्यास खर्च कोणाचा, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा आणि मुलाला दमा, फिट किंवा हाडांचा काही त्रास आहे का, या तीन बाबी त्यात लिखित असल्याच पाहिजेत. छापील अर्जात त्यांच्यासाठी रकाना नसेल तर त्या हाताने लिहाव्यात. चष्मा लावणाऱ्या मुलांच्या पालकांनी तसे आधीच सांगावे, कारण कुमितेच्या, म्हणजे जोडीदारासोबतच्या लढतीच्या, सरावात चष्मा चालत नाही. शुल्काचे मात्र सविस्तर विचारावे. मासिक शुल्क सांगितले जाते, पण गणवेश, दर परीक्षेचे शुल्क, वार्षिक सदस्यत्व आणि शिबिर यांचा खर्च हळूहळू कळतो. वर्षाचा एकूण आकडा लेखी मागितला तर त्यात काही गैर नाही.

बेल्ट परीक्षा

पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या क्रमाने मोजल्या जातात, म्हणजे मोठ्या अंकाकडून पहिल्या क्यूकडे. पिवळा, केशरी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी असा क्रम सामान्यतः दिसतो, परंतु रंगांचा क्रम संस्थेनुसार बदलतो. तपकिरी पट्ट्याच्या बहुधा तीन पायऱ्या असतात. त्यानंतर काळा पट्टा, ज्याची पहिली श्रेणी म्हणजे शोदान. खालच्या श्रेणींत दोन परीक्षांमध्ये तीन-चार महिन्यांचे आणि तपकिरी पट्ट्यापासून पुढे सहा महिन्यांचे किंवा त्याहून अधिक अंतर ठेवण्याची पद्धत आहे. दर दोन महिन्यांनी परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेत सगळे उत्तीर्ण, असा क्रम दिसला तर तेथे शिकवण्यापेक्षा शुल्काकडे अधिक लक्ष आहे असे खुशाल समजावे.

परीक्षेला बसण्याची पात्रता मागील बेल्टचे प्रमाणपत्र, ठरलेली किमान उपस्थिती आणि प्रशिक्षकांची शिफारस यांवर ठरते. अर्जासोबत मागील प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते, म्हणून मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करण्यापूर्वी त्याची स्कॅन प्रत ठेवावी. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेसाठी बहुतेक संस्था स्वतंत्र नोंदणी अर्ज, वयाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आधीच्या सर्व क्यू प्रमाणपत्रांच्या प्रती मागतात. मधले एखादे हरवले असेल तर परीक्षेच्या आठवड्यात नव्हे, दोन-तीन महिने आधी दुय्यम प्रत मागवावी.

परीक्षा तीन भागांत होते: किहोन म्हणजे मूलभूत हालचाली, काता म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका आणि कुमिते म्हणजे जोडीदारासोबतची लढत. यांपैकी परीक्षकाचे डोळे काय पाहतात, हे शोतोकानमधील हेइआन शोदान या पहिल्या मुख्य कात्यावरून कळते. या कात्यात २१ हालचाली आहेत. डावीकडे वळून गेदान-बाराईने, म्हणजे खालच्या बाजूच्या बचावाने, सुरुवात होते, पुढे ओळीने तीन आगे-उके, म्हणजे वर उचलून केलेले बचाव, येतात आणि त्यांतील तिसऱ्यावर, म्हणजे नवव्या हालचालीवर, मोठ्याने किआय, म्हणजे जोरकस आरोळी, द्यायचा असतो. दुसरा किआय सतराव्या हालचालीवर, ओळीने येणाऱ्या तीन ओइ-झुकींपैकी, म्हणजे पाऊल पुढे टाकून मारलेल्या ठोशांपैकी, शेवटच्यावर. घाबरलेली मुले पहिला किआय हमखास विसरतात. त्याहून अधिक गुण जातात ते दोन गोष्टींवर. एक म्हणजे हिकिते: एक हात पुढे जात असताना दुसरा कमरेशी घट्ट ओढलेला नसणे. दुसरी म्हणजे झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून घेतलेल्या लांब पवित्र्यात, मागचा पाय वाकलेला राहणे किंवा त्याची टाच उचललेली असणे. काता जेथून सुरू झाला त्याच जागी संपायला हवा, त्यामुळे पावले लहान-मोठी पडली की शेवटी विद्यार्थी हातभर बाजूला उभा दिसतो, आणि ते परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. कुमितेतही पायऱ्या असतात. सुरुवातीला पाच पावलांची ठरवून केलेली लढत, नंतर एका पावलाची आणि वरच्या श्रेणीत मुक्त लढत.

शालेय स्पर्धा: नोंदणी आणि वयाची अट

शालेय कराटे स्पर्धेत विद्यार्थ्याला किंवा प्रशिक्षकाला स्वतःहून नाव देता येत नाही. प्रवेश शाळेमार्फत किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच होतो. शाळेने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे त्या वर्षाची नोंदणी करून, प्रवेश शुल्क भरून, खेळाडूंची यादी मुदतीत सादर करायची असते. येथेच सर्वाधिक मुले अडकतात. मूल ज्या वर्गात रोज घाम गाळते त्या वर्गाचे सर नाव पाठवतील अशी पालकांची समजूत असते, आणि शाळेतील क्रीडाशिक्षकांना तर हा विद्यार्थी कराटे खेळतो हेच माहीत नसते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच क्रीडाशिक्षकांना भेटून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले व मुली असे असतात. वय स्पर्धेच्या दिवशी किती आहे हे पाहिले जात नाही. जन्मतारखेची एकच सीमारेषा संपूर्ण शालेय वर्षासाठी लागू असते. उदाहरणार्थ, २०२४-२५ या वर्षी १४ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले, १७ वर्षांखालील गटात १ जानेवारी २००८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले आणि १९ वर्षांखालील गटात १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले विद्यार्थी पात्र होते. दर वर्षी ही तारीख एका वर्षाने पुढे सरकते. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला वर्गमित्रांपेक्षा आधी वरच्या गटात जावे लागते आणि जानेवारीत जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभराचा लाभ मिळतो. हे अन्यायाचे वाटले तरी नियम तोच आहे.

कागदपत्रांत मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे, छायाचित्र लावलेले खेळाडूचे ओळखपत्र किंवा प्रवेशिका, बोनाफाइड, ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेने दिलेला जन्मदाखला आणि आधार कार्ड यांचा समावेश असतो. तपासणीच्या टेबलावर अडचण येते ती नावांच्या मेळामुळे. जन्मदाखल्यावर फक्त मुलाचे नाव, आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिसरेच स्पेलिंग, अशी स्थिती अनेक घरांत असते. जन्म नोंदवताना बाळाचे नाव ठरलेले नसल्यामुळे दाखल्यावर नावाची जागा कोरी राहिलेली असेल, तर संबंधित निबंधकाकडे अर्ज करून ती आधी भरून घ्यावी. शाळेच्या अभिलेखातील जन्मतारीख चुकली असल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव विद्यार्थी शाळेत असेपर्यंतच मुख्याध्यापकांकडे द्यावा. शाळा सोडल्यानंतर ते काम फार कठीण होते.

वयाबरोबर वजनाचा गटही ठरलेला असतो आणि स्पर्धेच्या ठिकाणी प्रत्यक्ष वजन घेतले जाते. यादीत एक वजनगट लिहिला आणि काट्यावर त्यापेक्षा जास्त वजन भरले, तर खेळाडू बाद होण्याची शक्यता असते. म्हणून यादी देण्याच्या दिवशी घरच्या अंदाजावर न जाता वजन करून घ्यावे. वाढत्या वयातील मुलाला खालच्या गटात बसवण्यासाठी दोन दिवस उपाशी ठेवण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती पालकांनी ठामपणे नाकारावी.

ग्रामीण भागात जिल्हास्तर, महानगरपालिका असलेल्या शहरांत स्वतंत्र मनपा स्तर, त्यानंतर विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय शालेय स्पर्धा असा चढता क्रम आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर असे क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत. साधारणपणे प्रत्येक वजनगटातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू पुढच्या स्तरावर जातो.

मैदानावर

लढतीत दोघे खेळाडू आपापला श्रेणीचा पट्टा काढून लाल आणि निळा पट्टा बांधतात. त्यांना अका आणि आओ म्हणतात. त्याच रंगाचे हातमोजे आणि पायांची संरक्षक साधने, शिवाय गमशील्ड (दातांचे रक्षण करणारे साधन) आणि छातीचे संरक्षक कवच लागते. लाल-निळे दोन्ही संच जवळ नसतील तर ऐनवेळी दुसऱ्याच्या घामेजल्या मोज्यांत हात घालावे लागतात. जागतिक कराटे महासंघाच्या गुणपद्धतीत हाताच्या फटक्याला युको म्हणजे १ गुण, धडावरील लाथेला वाझा-आरी म्हणजे २ गुण आणि डोक्याच्या उंचीवरील लाथेला किंवा खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावरील नियंत्रित फटक्याला इप्पोन म्हणजे ३ गुण मिळतात. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. प्रौढांची लढत ३ मिनिटांची असते, लहान गटांची त्याहून कमी. फटका लागेल इतका जोरात मारल्यास गुण न मिळता ताकीद मिळते, हे रस्त्यावरचे कराटे चित्रपटांत पाहिलेल्या पालकांना पटवून द्यावे लागते.

संघटनेच्या आणि खुल्या स्पर्धा

संघटनेच्या मार्गात नोंदणी शाळेऐवजी जिल्हा संघटनेकडून राज्य संघटनेकडे आणि तेथून राष्ट्रीय संघटनेकडे जाते. जागतिक महासंघाच्या पद्धतीत १४-१५ वर्षांचे कॅडेट, १६-१७ वर्षांचे ज्युनिअर आणि त्यापुढे २१ वर्षांखालील व वरिष्ठ असे गट आहेत. त्यामुळे शालेय स्पर्धेतील गट आणि येथील गट एकाच मुलासाठी वेगळे निघतात. भारतात राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेवरून बराच वाद झाला आहे. २०२० मध्ये जागतिक महासंघाने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढून घेतली आणि पुढे कराटे इंडिया ऑर्गनायझेशन ही संस्था त्या जागी आली. या पार्श्वभूमीवर कोणत्याही स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: स्पर्धा कोणत्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिकृत कार्यक्रमात आहे आणि ती संघटना त्या दिवशी कोणाकडून मान्यताप्राप्त आहे. फलकावर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेले असणे हा त्याचा पुरावा नव्हे. खाजगी खुल्या स्पर्धेत खेळू नये असे अजिबात नाही. लढतीचा अनुभव तेथेच मिळतो. फक्त त्या प्रमाणपत्रावर शासकीय लाभाचा हिशेब मांडू नये.

प्रमाणपत्राचा पुढील उपयोग

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण स्पर्धेचा स्तर आणि तेथील सहभाग वा प्रावीण्य यांनुसार ठरतात. प्रस्ताव विद्यार्थ्याने शाळेकडे द्यायचा, शाळेने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि तेथून शिफारशीसह तो विभागीय शिक्षण मंडळाकडे जातो. प्रस्तावासोबत मूळ प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि परीक्षेचा बैठक क्रमांक लागतो. मुदत टळल्यावर मंडळ गुण देत नाही, म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र हाती येताच शाळेत विचारणा करावी.

राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने व त्यानंतरच्या सुधारणांनी त्याची पात्रता ठरते. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या स्तरावरील कामगिरी लागते, याचा तक्ता त्या निर्णयात आहे. आपल्या खेळाचे नाव आणि स्पर्धेचा प्रकार त्यात बसतो का, हे आधी तपासावे. त्यानंतर प्रमाणपत्र पडताळणीसाठी विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडे अर्ज करावा. पडताळणीत स्पर्धेचा निकाल आणि प्रवेशिकांच्या नोंदी आयोजकांकडून मागवल्या जातात, त्यामुळे खेळाडूने प्रमाणपत्राबरोबर त्या वर्षीची प्रवेशिका, ओळखपत्र आणि निकालपत्रकाची प्रतही जपून ठेवलेली असावी. भरतीची जाहिरात आल्यावर हा अर्ज करणाऱ्यांची रांग लागते. पडताळणी अहवाल जाहिरातीची वाट न पाहता घेऊन ठेवावा.