अ‍ॅनिमेशन एडिटर आणि व्हिडिओ एडिटर: घोळ नेमका कुठे होतो

अ‍ॅनिमेशन एडिटर काय करतो, असं विचारलं की एडिटिंगच्या क्लासपासून भरती करणाऱ्या एचआरपर्यंत बहुतेकांचं उत्तर एकच असतं: सगळे शॉट रेंडर होऊन (संगणकातून अंतिम चित्रं निघून) आले की तो ते क्रमाने जोडतो, थोडी कापाकापी करतो, संगीत लावतो. हे उत्तर चुकीचं आहे. याच समजुतीमुळे हातात कसब असलेले व्हिडिओ एडिटर अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या टेस्टमध्ये अडकतात. रेंडर झालेले शॉट येतात तेव्हा एडिटरचं मुख्य काम संपून बहुधा कित्येक महिने झालेले असतात.

व्हिडिओ एडिटरचं काम वाचकाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. शूटिंगचं फुटेज येतं, ते सिंक होतं, टेकमधून निवड होते, मग रफ कट, फाइन कट, पिक्चर लॉक, म्हणजे यापुढे कट बदलायचा नाही. लग्नाची फिल्म असो, जाहिरात असो की मालिका, सामान हातात असतं आणि ते गरजेपेक्षा जास्त असतं. एडिटर त्यातून कमी करत जातो.

सॉफ्टवेअरवरून फार वाद होतात, पण त्यात दम नाही. मोठ्या अ‍ॅनिमेशन फीचरमध्ये अ‍ॅव्हिड मीडिया कंपोजर चालतं, आपल्याकडच्या टीव्ही मालिकांत प्रीमियर जास्त दिसतं. प्रीमियर येणारा माणूस अ‍ॅव्हिडवर काही आठवड्यांत बसतो. ग्रेडिंग, ट्रान्झिशन, शॉर्टकट यांतही दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक नाही.

खरा फरक असा की अ‍ॅनिमेशनमध्ये एडिटर कामाला लागतो तेव्हा फुटेज नावाची गोष्टच नसते. शॉट किती लांबीचा हे तो आधी ठरवतो, आणि त्याने ठरवलेल्या तेवढ्याच फ्रेम पुढे लेआउट (कॅमेरा आणि पात्रांच्या जागा), अ‍ॅनिमेशन, लायटिंगची माणसं तयार करतात. चित्रपट काढण्याआधी तो कापायचा, असं हे काम आहे.

ते चालतं असं. पटकथा मंजूर झाली की तात्पुरत्या आवाजात संवाद रेकॉर्ड होतात, बहुतेकदा टीममधल्याच कुणाच्या तरी आवाजात. एडिटर चित्राशिवाय फक्त संवादांची पट्टी लावतो. कोण कुणाचं वाक्य तोडतं, कुठे श्वास आहे, कुठे शांतता, हे इथेच बसतं. मग स्टोरीबोर्डची पॅनेल, म्हणजे प्रसंगाची एकेक स्थिर चित्रं, त्यावर चढतात, तात्पुरतं संगीत आणि साउंड इफेक्ट येतात, आणि तयार होतं ते अ‍ॅनिमॅटिक. मोठ्या फीचरमध्ये याला स्टोरी रील म्हणतात. ११ मिनिटांचा मालिकेचा भाग सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १६,५०० फ्रेमचा होतो, आणि त्यातली प्रत्येक फ्रेम कुणाच्या तरी हातची मजुरी असते. म्हणून सगळी भांडणं, सगळे प्रयोग अ‍ॅनिमॅटिकमध्येच उरकायचे. तिथे शॉट टाकून दिला तर चार चित्रं वाया जातात. अ‍ॅनिमेशन झाल्यावर टाकला तर दोन आठवड्यांचं काम वाया जातं, आणि ते कुणी तरी मन लावून केलेलं असतं.

व्हिडिओ एडिटर इथे पहिली चूक करतो ती लांबीची. स्थिर चित्र डोळा अर्ध्या सेकंदात वाचून मोकळा होतो, त्यामुळे पॅनेल लगेच लांबलचक वाटतं आणि हात आपसूक कापायला जातो. पाहताना अ‍ॅनिमॅटिक चटपटीत वाटतं, सगळे खूश होतात. मग अ‍ॅनिमेटरच्या हाती शॉट जातो: पात्र खुर्चीवरून उठतं, वळतं, दाराकडे बघतं, आणि त्यासाठी फ्रेम दिल्यात १८. उठण्याआधी शरीर थोडं मागे जायला हवं, उठल्यावर वजन स्थिरावायला हवं. नुसतं उठणंच सहज ३० फ्रेम खातं. मग अ‍ॅनिमेटर एक तर हालचाल चिरडून टाकतो किंवा लांबी वाढवून मागतो, आणि पुढचं सगळं सरकतं. उपाय साधा आहे. प्रत्येक हालचाल खुर्चीतून उठून स्वतः करून बघायची, स्टॉपवॉच लावायचं, आणि तेवढ्या फ्रेम पॅनेलला द्यायच्या, मग स्थिर चित्र कितीही कंटाळवाणं वाटो. हे करायला लाजणारा एडिटर या कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. शूटिंगच्या फुटेजमध्ये अभिनय टेकमध्ये सापडतो. इथे तो एडिटर आवाजाच्या टेकमधून जुळवतो: वाक्याचा पहिला अर्धा भाग तिसऱ्या टेकमधून, शेवटचा शब्द पाचव्यातून, मधला उसासा कुठून तरी तिसरीकडून. चित्र अजून निघालेलंच नाही, त्यामुळे ओठांच्या जुळणीची चिंता नसते. शिवाय हवा तो शॉट नसेल तर तो मागता येतो. ‘इथे आजीच्या प्रतिक्रियेचं एक पॅनेल हवं’ म्हटलं की बोर्ड आर्टिस्ट ते तासाभरात काढून देतो. ज्या व्हिडिओ एडिटरला आहे त्यातच भागवायची सवय लागलेली असते, तो मागतच नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये न मागणं हा मोठा दोष आहे.

तिसरी गोष्ट हँडलची, म्हणजे कटच्या दोन्ही बाजूंना शिल्लक असलेल्या फ्रेमची, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कॅमेऱ्याच्या टेकला कटच्या अलीकडे-पलीकडे भरपूर शिल्लक असते. अ‍ॅनिमेशनच्या शॉटला टीव्ही मालिकेत बहुधा शून्य फ्रेम शिल्लक असतात, फीचरमध्ये मोजक्या. कट तीन फ्रेम पुढे सरकवावा म्हटलं तर पुढे काहीच नसतं. मग व्हिडिओ एडिटर सवयीने दोन युक्त्या करतो आणि दोन्ही फसतात. पहिली, शेवटची फ्रेम गोठवायची. टूडीमध्ये पात्र आधीच थांबलेलं असेल तर आठ-दहा फ्रेम हे खपून जातं. थ्रीडीमध्ये पूर्ण थांबलेलं पात्र त्याच क्षणी मेलेलं दिसतं. दुसरी, क्लिपचा वेग बदलायचा. टूडी काम बहुतेकदा ‘ऑन टूज’ असतं, म्हणजे २४ फ्रेमच्या सेकंदाला १२ चित्रं, एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं. वेग ११० टक्के केला की साधारण दर अकरावी फ्रेम गळते, काही चित्रं दोन फ्रेम टिकतात तर काही एकच, आणि हालचालीत नियमित हिसका बसतो. फ्रेम ब्लेंडिंग लावलं तर दोन चित्रांची भुतं एकमेकांवर दिसतात. शॉटची लांबी बदलायची असेल तर तो बदलयादीत लिहून अ‍ॅनिमेटरकडे परत पाठवायचा. त्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच लॉक वेळेत व्हायला हवं.

ही बदलयादी हा एडिटरचा खरा रोजचा दस्तऐवज. कुठला शॉट किती फ्रेमनी वाढला वा घटला, कुठला वगळला, कुठला नवा आला, हे शॉट अ‍ॅनिमेशनला जाण्याआधी प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटरच्या हातात पडलं पाहिजे. शॉटना क्रमांक दहाच्या टप्प्याने देतात, ००१०, ००२०, ००३०, ते यासाठीच: मध्ये नवा शॉट आला तर तो ००२५ होतो. वगळलेल्या शॉटचा क्रमांक पुन्हा कधीही वापरायचा नाही आणि एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही. टाइमलाइन ‘नीटनेटकी’ दिसावी म्हणून सगळे शॉट नव्याने क्रमांकित करणारा एडिटर एका दुपारीत अख्ख्या स्टुडिओच्या फाइली अनाथ करू शकतो.

फ्रेम मोजण्यातला घोळही याच जातीचा. अनेक स्टुडिओंत शॉट १००१ पासून सुरू होतो, कारण कापडाच्या आणि केसांच्या सिम्युलेशनला आधीच्या काही फ्रेम लागतात आणि आकडे शून्याखाली जायला नकोत. २४ फ्रेमने तीन सेकंदांचा शॉट १००१ ते १०७२ असतो. शेवटच्यातून पहिला वजा करून ७१ लिहिणारे बरेच. एक मिळवायचा राहतो. ईडीएलमध्ये (कटची यादी असलेल्या फाइलमध्ये) मात्र आउट पॉइंटची फ्रेम शॉटमध्ये धरत नाहीत, त्यामुळे तिथे एक मिळवला तर उलटी चूक होते. एका फ्रेमची चूक क्षुल्लक वाटते, पण दोनशे शॉटच्या भागात ती साठत गेली की शेवटचे ओठ संवादाच्या मागे धावतात.

फ्रेम रेट पहिल्याच दिवशी तपासावा. बोर्ड २४ वर आणि प्रीमियरची सीक्वेन्स २३.९७६ वर असेल तर ११ मिनिटांत सुमारे १६ फ्रेमचा फरक पडतो. २४ चं काम फ्रेमला फ्रेम लावून २५ वर चालवलं तर तोच भाग २६ सेकंदांनी आखूड होतो. अ‍ॅनिमेटरकडून येणारे प्लेब्लास्ट (शॉटचे कच्चे व्हिडिओ) एमपीफोरमध्ये घेणं मला पसंत नाही. पहिली किंवा शेवटची फ्रेम गळण्याचे प्रकार त्यात जास्त होतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी घ्यावं, आणि प्रत्येक क्लिपवर शॉटचं नाव, आवृत्ती, टप्पा आणि फ्रेम क्रमांक छापलेला असावा.

टाइमलाइनची मांडणीही वेगळी असते. सगळ्यात खाली अ‍ॅनिमॅटिक, त्यावर लेआउट, मग ब्लॉकिंग (फक्त मुख्य पोझ), मग पक्कं अ‍ॅनिमेशन, सगळ्यात वर कॉम्प, म्हणजे सगळे घटक एकत्र केलेला अंतिम शॉट. खालचे थर पुसायचे नाहीत. ‘बोर्डमध्ये हा क्षण जास्त चांगला होता’ असं दिग्दर्शक म्हणतो तेव्हा त्याचं बहुधा बरोबर असतं, आणि ते दोन क्लिकमध्ये दाखवता आलं पाहिजे.

आता नोकरीकडे. आपल्याकडे ‘अ‍ॅनिमेशन एडिटर हवा’ या जाहिरातींत मोठा वाटा भलत्याच कामाचा असतो. मजकुरात आफ्टर इफेक्ट्स, लोगो अ‍ॅनिमेशन, रील्स, सबटायटल असे शब्द असतील तर त्यांना मोशन ग्राफिक्स करणारा हवा आहे. चांगलं काम आहे, पण हे काम नाही. अ‍ॅनिमॅटिक, स्टोरी रील, कन्फर्म (तयार शॉट कटमध्ये बसवून जुळवणं), बोर्ड काढायचं स्टोरीबोर्ड प्रो, शॉटची नोंद ठेवणारं शॉटग्रिड (ऑटोडेस्कने आता त्याचं नाव फ्लो प्रॉडक्शन ट्रॅकिंग केलं आहे) हे शब्द दिसले तर जाहिरात खरी. लिंक्डइनवर शोधतानाही ‘एडिटर’ऐवजी ‘एडिटोरियल’ आणि ‘अ‍ॅनिमॅटिक’ हे शब्द टाकावेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टुडिओ कुठल्या प्रकारचा आहे ते बघणं. परदेशी कंपनीचं काम करून देणाऱ्या स्टुडिओत अ‍ॅनिमॅटिक बहुधा लॉक होऊनच येतं. तिथल्या एडिटरकडे उरतं ते कन्फर्म करणं, आलेले शॉट तपासणं, पाठवणीसाठी क्विकटाइम काढणं. शिस्त शिकायला ही जागा उत्तम, पण कथेचा कट तिथे शिकायला मिळत नाही, आणि काम बाहेरच्या मर्जीवर चालतं: फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा परदेशी अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्स समूह कोसळला तेव्हा बंगळुरूतल्या माणसांना ते भोगावं लागलं. स्वतःची पात्रं असलेल्या स्टुडिओत अ‍ॅनिमॅटिक घरात होतं. हैदराबादच्या ग्रीन गोल्डकडे ‘छोटा भीम’ आहे, मुंबईच्या कॉसमॉस-मायाने ‘मोटू पतलू’ उभं केलं. अशा मालिकांचे भाग सतत चालू असतात, म्हणून अ‍ॅनिमॅटिकवर हात चालवायची संधीही. मुलाखतीत थेट विचारावं: अ‍ॅनिमॅटिक इथे बनतं की बाहेरून येतं?

शोरीलबद्दल माझा आग्रह ठाम आहे. संगीतावर ठेका धरून कापलेला दीड मिनिटाचा माँटाज पाठवू नये. त्यातून हाताचा वेग दिसतो, कथेची समज दिसत नाही. एकच सलग प्रसंग द्यावा, ६० ते ९० सेकंदांचा, दोन पात्रांच्या संवादाचा, अ‍ॅनिमॅटिक आणि पूर्ण झालेला शॉट शेजारी शेजारी. साहित्य नसेल तर एनआयडी अहमदाबाद किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातले विद्यार्थी डिप्लोमा फिल्म करतात, त्यांना विचारावं. तेही जमलं नाही तर कुठलाही श्राव्य संवाद स्वतः रेकॉर्ड करून त्यावर काडीमाणसांची ४० पॅनेल काढावीत. चित्र वाईट असलं तरी चालतं, वेळ चुकलेली चालत नाही.

टेस्टमध्ये साधारणपणे पॅनेलचा गठ्ठा आणि संवादांचे अनेक टेक मिळतात. बघणारे आधी आवाज ऐकतात. टेक निवडून जोडलेत की पहिलाच उचलला, संवादांमध्ये खोलीचा नाद (शांत खोलीचा मागचा आवाज) भरलाय की कटागणिक आवाज तुटतोय, दारावरची थाप, पावलं घातलीत की नाही. मग प्रोजेक्ट फाइल उघडतात: ट्रॅकना नावं, संवाद, इफेक्ट, संगीत वेगळे, वापरलेली पॅनेल कुठून आली ते सापडतं का. एखादं जास्तीचं पॅनेल स्वतः खरडून घातलं असेल तर त्याची नोंद सोबत द्यावी. ते आगाऊपणा मानत नाहीत, तेच त्यांना हवं असतं.

सुरुवात असिस्टंट एडिटर म्हणून होते: येणाऱ्या क्लिपची नोंद, शॉटनिहाय ४८ किलोहर्ट्झच्या संवादफाइली अ‍ॅनिमेटरना देणं, रोजची आवृत्ती कटमध्ये चढवणं, बदलयाद्या. अनुभवी व्हिडिओ एडिटरला ही पायरी खाली उतरल्यासारखी वाटते आणि तो थेट ‘एडिटर’ पदासाठीच अर्ज करत राहतो. पण कोणत्या शॉटला किती फ्रेम पुरल्या आणि कुठे कमी पडल्या, हे रोज डोळ्यांसमोरून जातं ते याच टेबलावर. तिथे वर्षभर बसलेल्याने एखाद्या भागाचं अ‍ॅनिमॅटिक मागायला संकोच करू नये. मालिकेत एडिटर आजारी पडतो, दोन भाग एकाच आठवड्यात येतात, आणि तेव्हा ते काम त्याच खोलीतल्या माणसाला मिळतं.