लोपन (डच क्रियापद)

लोपन हे डच भाषेतलं अगदी रोजच्या बोलण्यातलं क्रियापद, अर्थ चालणे, पायी जाणे. पण हा झाला नेदरलँड्समधला अर्थ, बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये लोपन म्हणजे बहुतेक वेळा पळणे, तिथे चालण्यासाठी स्टापन किंवा वांडलन म्हणतात, त्यामुळे ॲमस्टरडॅमला डच शिकून अँटवर्पला गेलेला माणूस गोंधळतोच. नेदरलँड्समध्ये पळायला वेगळा शब्द आहे, हार्डलोपन. जर्मन लाउफन आणि इंग्रजी लीप ही याच घरातली भावंडं.

आता रूपं. वर्तमानकाळात इक लोप (मी), येय लोप्त (तू), हेय लोप्त (तो), आणि अनेकवचनात सगळ्यांना सरळ लोपन. प्रश्न विचारताना तू नंतर आला की शेवटचा त गळतो, लोप येय?, आणि नवशिक्यांची चूक नेमकी इथेच होते. रोमन लिपीत लिहिताना लोपमध्ये (loop) दोन ओ आणि लोपनमध्ये (lopen) एकच, उच्चार मात्र दोन्हीकडे दीर्घ. भूतकाळात प्रत्यय लागत नाही, आतला स्वरच बदलतो, एकवचनात लीप, अनेकवचनात लीपन. आणि चालून झालंय असं सांगताना सहाय्यक क्रियापदासोबत येणारं रूप खलोपन, त्यातला ख घशातून खरवडून काढायचा.

खलोपनला सहाय्यक क्रियापद कुठलं लावायचं हा खरा महत्त्वाचा भाग. नुसतं चाललो, दोन तास चाललो असं सांगायचं तर हेबन (जवळ असणे), म्हणजे इक हेब ट्वे यूर खलोपन, पण स्टेशनपर्यंत चालत गेलो असं ठिकाण आलं की झेयन (असणे, त्याचं मी-रूप बेन), इक बेन नार हेट स्टेशन खलोपन. हे पाठ करण्यापेक्षा कुठे पोचलो का एवढं मनात विचारावं, उत्तर मिळतं.

मराठी माणसाला हे क्रियापद जवळचं वाटतं कारण आपलं चालणेही असंच सगळीकडे चालतं. घड्याळ चालतं तसं डचमध्ये दे क्लोक लोप्त, मागे पडलं की लोप्त आख्टर. आफलोपन म्हणजे संपणे, आणि आफखलोपन वेक म्हणजे गेला आठवडा, आपणही तो गेला असंच म्हणतो. अजून एक सुंदर वापर म्हणजे हेय लोप्त ते झूरन, तो सारखा कुरकुरत असतो, इथे पाय हलतायत की नाही याकडे फारसं कुणी बघत नाही, आपण रडत बसलाय म्हणतो तेव्हा तो बसलेलाच असतो असं थोडीच आहे.