विमानातल्या सुईटचं घडीचं दार: पेटंट परीक्षणात नेमकं काय तपासलं जातं
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विमानाची आसनं, केबिनची अंतर्गत रचना किंवा त्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या ग्राहकांसाठी आम्ही हे माहितीपत्रक काढलं आहे. प्रवासी सुईटला (आसनाभोवती भिंती असलेल्या खासगी जागेला) घडी होणारं दार बसवण्याची कल्पना घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत विचारतात, "या दाराला पेटंट मिळेल का?" आमचं उत्तर साधारण ठरलेलं असतं: दाराला मिळणार नाही, दाराची घडी कशी होते याला मिळू शकेल. हा फरक पैशांत मोजावा लागतो, म्हणून तो आधीच समजून घेतलेला बरा.

परीक्षकासमोर आधीच काय पडलेलं असतं

दार असलेले सुईट आता नवीन राहिलेले नाहीत. एमिरेट्सने 2003 मध्ये पहिल्या वर्गात दाराचे बंद सुईट आणले. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए380 विमानांत ते 2007 पासून आहेत. 2014 मध्ये जेटब्लूच्या मिंट केबिनमधल्या काही आसनांना सरकतं दार आलं आणि 2017 मध्ये कतार एअरवेजच्या क्यूसुईटने बिझनेस क्लासलाही दार दिलं. तेव्हा "विमानातील आसनाभोवती भिंत आणि तिला बंद होणारं दार" एवढंच लिहून दिलेल्या अर्जाला नावीन्याचाच आक्षेप येतो. पुढचं काही वाचायची परीक्षकाला गरजच उरत नाही.

परीक्षक शोध घेतो तो वर्गीकरणाच्या आधारे. आसनं आणि त्यांच्याभोवतीचे आडोसे बी64डी 11/06 या गटात येतात. पण तुमचं दार घडीचं आहे म्हटल्यावर तो इमारतींच्या दारा-खिडक्यांच्या ई06बी या वर्गातही डोकावतो. तिथे घडीची दारं, अकॉर्डियनसारखी पार्टिशन्स, गुंडाळले जाणारे पडदे यांचा शंभर वर्षांहून जुना साठा आहे. ग्राहक इथेच चकित होतात. "अहो, ते तर हॉलचं पार्टिशन आहे, त्याचा विमानाशी काय संबंध?" संबंध असतो. दोन पट्ट्या बिजागरीने जोडून घडी कशी करायची हा प्रश्न हॉलमध्ये आणि केबिनमध्ये बराचसा सारखाच आहे, आणि केबिनचा अनुभवी अभियंता तिकडे उत्तर शोधायला गेला असता असं परीक्षक म्हणू शकतो.

शोध अहवालात प्रत्येक जुन्या कागदापुढे (म्हणजे आधी प्रसिद्ध झालेल्या पेटंट किंवा लेखापुढे) एक अक्षर असतं. एक्स म्हणजे तो एकटाच तुमच्या क्लेमला, म्हणजे अर्जात ज्या वाक्याने तुम्ही हक्क मागता त्याला, आडवा येतो. वाय म्हणजे दुसऱ्या कागदाशी जोडला की आडवा येतो. ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी. घडीच्या दारांच्या अर्जात वायची जोडी येणं अगदी नेहमीचं: एक कागद सरकत्या दाराच्या सुईटचा, दुसरा कुठल्यातरी घडीच्या पार्टिशनचा.

सुरक्षेचा नियम तुमच्या बाजूने की विरुद्ध?

वाहतूक विमानांच्या अमेरिकी नियमावलीत 25.813 (ई) हे कलम आहे. उड्डाण आणि उतरणीच्या वेळी ज्यावर प्रवासी बसू शकतो असं कोणतंही आसन आणि आपत्कालीन दरवाजा यांच्या मधल्या वाटेत दार बसवायला ते मनाई करतं. सुईटचं दार नेमकं याच मनाईत सापडतं. म्हणून अशा केबिनसाठी एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाकडून अटींसह सूट घ्यावी लागते. अटींचा गाभा असा: विमान जमिनीवरून चालताना (टॅक्सी), उड्डाण आणि उतरणीच्या वेळी दार उघडं आणि पक्कं अडकवलेलं हवं, ते आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडता आलं पाहिजे, आणि दार अडकून बसलंच तर प्रवाशाला बाहेर पडायला दुसरा उपाय हवा. आपत्कालीन उतरणीत पुढच्या दिशेने 9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतका भार आला तरी उघडं दार जागचं हलून वाटेत येता कामा नये, हेही सिद्ध करावं लागतं.

पेटंट परीक्षक यातलं काहीच तपासत नाही. त्याला चाचणी अहवाल नको असतो, आणि एफएएची सूट मिळाली म्हणून पेटंट मिळत नाही. तरीही या नियमाचा परीक्षणावर परिणाम होतो, आणि तो दुधारी असतो. नियमच सांगतो की अडकलेल्या दारातून सुटका हवी. मग "आमच्या दारात सुटकेची सोय आहे" हा शोध कसा? ती गरज सगळ्यांनाच माहीत होती. उलट, ती सोय तुम्ही ज्या रीतीने दिली ती रीत कोणाला सुचली नसेल, आणि तिच्यामुळे कन्सोलची (आसनाशेजारच्या कप्प्याची) जाडी वाढली नसेल किंवा मार्गिकेत काही पुढे आलं नसेल, तर तिथे तुमचा मुद्दा उभा राहतो. प्रश्न नियमाने दिला, उत्तर तुमचं. अर्ज उत्तराबद्दल लिहायचा.

एक क्लेम जवळून पाहू

पुढचं उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचलं आहे, कोणा ग्राहकाचं नाही. समजा, मूळ अर्जातला पहिला क्लेम असा होता:

"विमानातील प्रवासी सुईटसाठी दार, ज्यात उभ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या किमान तीन पट्ट्या आहेत व जे बंद अवस्थेतून घडी केलेल्या अवस्थेत नेता येते."

परीक्षक लिहितो: पहिल्या कागदात सुईट आहे आणि सरकतं दार आहे. फरक इतकाच की ते दार एकसंध आहे. घडीमुळे दार ठेवायला जागा कमी लागते हा त्या फरकाचा परिणाम. जागा वाचवायला दाराची घडी करायची हे दुसऱ्या कागदात लिहिलेलंच आहे. म्हणून क्लेम उघड आहे, त्यात शोधक पाऊल नाही.

युरोपीय पेटंट कार्यालय ही मांडणी जवळजवळ याच क्रमाने करतं: सगळ्यांत जवळचा जुना कागद, फरक, फरकाचा तांत्रिक परिणाम, त्यातून निघणारा प्रश्न, आणि मग उत्तर उघड होतं का. तिथे कसोटी अशी की अभियंत्याला तसं करता आलं असतं एवढं पुरत नाही, त्याने तसं केलंच असतं असं दिसायला हवं. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या केएसआर निकालानंतर परीक्षकाला थोडी मोकळीक आहे. ज्ञात भाग ज्ञात रीतीने जोडले आणि अपेक्षित तेच घडलं, तर तेवढ्यावरही तो आक्षेप घेऊ शकतो.

आता सुधारलेला क्लेम पाहा. मूळ वाक्य तसंच ठेवून पुढे जोडलं:

"... ज्यात घडी झालेल्या पट्ट्या आसनाचे शेल (बाहेरचे कवच) व बाजूचा कन्सोल यांमधील फटीत उभ्या बसतात, व मधल्या पट्टीची खालची पिन अशा खाचेत सरकते की मार्गिकेच्या बाजूने किंवा आतून ठरावीक बलापेक्षा अधिक बल आल्यास ती पिन खाचेतून सुटते आणि पट्ट्या त्या फटीच्या दिशेनेच घडी होतात."

ही वेगळी गोष्ट झाली. पार्टिशनच्या कागदात पिन सुटत नाही. सरकत्या दाराच्या कागदात आपत्कालीन वाटेसाठी वेगळा निघणारा भाग आहे, म्हणजे त्याची जागा वेगळी आणि वजन वेगळं. इथे घडीची तीच यंत्रणा सुटकेचंही काम करते. परीक्षकाशी वाद घालायचा तर या वाक्यावर. "आमचं दार प्रवाशाला जास्त खासगीपणा देतं" यावर वाद घालून काही हाती लागत नाही. तो फायदा सगळ्याच दारांचा आहे.

"ठरावीक बल" या शब्दांवर स्पष्टतेचा आक्षेप मात्र हमखास येईल. किती बल? वर्णनात आकडा किंवा बलाची मर्यादा दिलेली असेल तर उत्तर दोन ओळींत होतं. नसेल तर महिने जातात. "पुरेशी पातळ पट्टी", "सहज उघडणारं दार" असे शब्द क्लेममध्ये घालण्याचा आग्रह ग्राहकांनी धरू नये, ही आमची विनंती.

दाखल केल्यानंतर काही जोडता येत नाही

वरची सुधारणा करता आली ती एकाच कारणाने: पिन, खाच आणि फट या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच्या वर्णनात आणि आकृत्यांत होत्या. नसत्या तर परीक्षणात त्या आणता आल्या नसत्या. युरोपीय पेटंट करारातलं कलम 123 (2), अमेरिकेतला नव्या मजकुराचा निषेध, भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम 59, सगळ्यांचा रोख हाच.

युरोपात त्याहून बारीक एक सापळा आहे. वर्णनात पिन फक्त चुंबकीय लॅचसोबतच (कडीसोबतच) दाखवली असेल, आणि सुधारताना तुम्ही लॅच सोडून नुसती पिन क्लेममध्ये उचललीत, तर परीक्षक म्हणतो की पिन लॅचशिवाय चालते हे तुम्ही सांगितलं कुठे? अर्ज त्या एका वाक्यापायी अडकतो. यावर उपाय स्वस्त आहे. लिहितानाच "लॅच ऐच्छिक आहे, पिन त्याशिवायही काम करते" असं वाक्य घालायचं, आणि पट्ट्या तीनऐवजी दोन किंवा चार असल्या, बिजागरीऐवजी लवचीक पट्टा असला, खाच खाली नसून वर असली तर काय, हेही नोंदवायचं. ग्राहकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. आम्ही सर्वाधिक वेळ यालाच देतो.

आकृत्या किमान तीन अवस्थांच्या हव्यात: बंद, अर्धी घडी, पूर्ण घडी. अर्ध्या घडीची आकृती हटकून राहून जाते, आणि पट्ट्या कोणत्या बाजूला वळतात हे दाखवणारी तीच एक असते. परीक्षकाशी थेट बोलताना अ‍ॅनिमेशन दाखवलं तर समजायला मदत होते, पण त्यातली जी गोष्ट अर्जात नाही ती अर्जात आली असं होत नाही.

अर्ज देऊन बारा महिने झाले नसतील आणि रचनेत सुधारणा झाली असेल, तर नवा अर्ज देऊन जुन्यातल्या मजकुरासाठी पहिल्या तारखेचा अग्रक्रम मागता येतो. नव्या मजकुराला नवी तारीख मिळते. हा वर्षभराचा काळ फुकट घालवू नका.

दार, आसनाखालची सामानाची जागा आणि वाचनाचा दिवा या तिन्हींचे क्लेम एकाच अर्जात कोंबले तर शोधाच्या एकतेचा (एका अर्जात एकच शोध हवा असा) आक्षेप येतो आणि विभाजित अर्ज करावे लागतात. दाराचं बाह्यरूप जपायचं असेल तर डिझाइन नोंदणी हा वेगळा मार्ग आहे.

बोलण्याआधी अर्ज

सर्वांत महागात पडणारी चूक परीक्षणाच्या कितीतरी आधी होते. हँबर्गला दरवर्षी भरणाऱ्या एअरक्राफ्ट इंटिरियर्स एक्स्पोसारख्या प्रदर्शनात नमुना ठेवला आणि कोणी दार उघडझाक करून पाहिलं, की युरोपात ते नावीन्याविरुद्ध जातं. प्रदर्शनासाठीची युरोपीय सवलत 1928 च्या करारात बसणाऱ्या मोजक्या अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांपुरती आहे; व्यापारी मेळावे त्यात येत नाहीत. अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केल्यावर एक वर्षाची सवड मिळते, पण तेवढ्यावर विसंबून बाकीचं जग गमावू नये.

उघड किती झालं यालाही महत्त्व आहे. बंद दाराचं नुसतं चित्र प्रसिद्ध झालं तर आतली पिन त्यातून कळत नाही. दार घडी होतानाची चित्रफीत मात्र बरंच काही सांगून जाते. आणि हे तर फार कमी जणांच्या लक्षात येतं: एफएएकडे सूट मिळावी म्हणून केलेला अर्ज सार्वजनिक नोंदीत जातो. त्यातला मालकीचा तांत्रिक भाग गोपनीय ठेवायचा असेल तर तो वेगळा काढून तसं मागावं लागतं. प्रमाणपत्राचं काम बघणारा विभाग आणि पेटंट बघणारा विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर कंपनी स्वतःचाच अर्ज पाडते. विमान कंपनीला नमुना दाखवण्याआधी गोपनीयतेचा करार लेखी करा.

पेटंट कोणत्या देशांत घ्यावं

विमान फिरतं, म्हणून सगळीकडे पेटंट हवं असं वाटणं साहजिक आहे. पण औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारातलं कलम 5 टर सांगतं की परदेशी विमान तात्पुरतं देशात आलं, तर त्याच्या रचनेत किंवा साधनांत वापरलेली वस्तू पेटंटभंग ठरत नाही. उतरून तासाभराने निघून जाणाऱ्या विमानातल्या दारावर म्हणूनच सहसा काही करता येत नाही. महत्त्वाचे ते देश जिथे आसनं बनतात, जिथे ती विमानात बसवली जातात, आणि जिथे विमान कंपनीचं मुख्य ठाणं आहे.

मुदतींचं थोडक्यात: आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्जानंतर (अनेक देशांसाठी एकत्र केलेल्या अर्जानंतर) भारतात आणि युरोपात अग्रक्रमाच्या तारखेपासून 31 महिन्यांत प्रवेश करायचा, अमेरिकेत 30. अमेरिकेत परीक्षणाची वेगळी मागणी लागत नाही. भारतात 15 मार्च 2024 पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ती 31 महिन्यांत करावी लागते; पूर्वी 48 होते, आणि जुन्या सवयीने थांबणारे अजून भेटतात. भारतातल्या पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला 6 महिने असतात, मागितल्यास आणखी 3.

मंजुरीनंतरही क्लेम हलू शकतो. युरोपात मंजुरीपासून 9 महिने कोणीही विरोध दाखल करू शकतो. व्हर्जिन अटलांटिकच्या सपाट पलंग होणाऱ्या आसनाच्या पेटंटबाबत इंग्लंडमधल्या अपील न्यायालयाने 2009 मध्ये ते वैध आहे आणि त्याचा भंग झाला आहे असा निकाल दिला. पुढे युरोपीय कार्यालयात विरोधाच्या सुनावणीत क्लेम आक्रसले, आणि 2013 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जे क्लेम मुळापासून रद्द झाले त्यांच्यावर भरपाई मागता येणार नाही. मागणी 4 कोटी 90 लाख पौंडांहून अधिक होती. म्हणून आम्ही पहिल्या क्लेमखाली टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाणारे अवलंबित क्लेम लिहितो. ग्राहकांना ते पुनरुक्ती वाटतात. त्यांना कात्री लावू नये.

पहिल्या भेटीला येताना

दाराची तिन्ही अवस्थांतली रेखाचित्रं आणा, कच्ची असली तरी चालतील. घडीची एकूण जाडी, फटीची रुंदी आणि पिन सुटायला लागणारं बल यांचे तुमच्याकडे असतील ते आकडे लिहून आणा. रचना कोणी कोणी सुचवली त्यांची नावं हवीत, बाहेरच्या डिझाइन स्टुडिओतला कोणी असेल तर त्याच्याशी झालेला करारही. आत्तापर्यंत दार कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या कराराखाली दाखवलं त्याची यादी करा, आणि फसलेले नमुने फेकले नसतील तर त्यांचे फोटोही सोबत असू द्या. पट्टी कुठे अडकत होती हे त्यांतून दिसतं, आणि शोधक पावलावरच्या आक्षेपाला उत्तर लिहिताना आम्हाला त्याचा उपयोग होतो.