स्लावुटिच: भट्टी चालावी म्हणून वसवलेलं शहर

२७ एप्रिल १९८६ च्या दुपारी युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पाशेजारच्या प्रिप्याट शहराच्या रहिवाशांना बसमध्ये बसवलं तेव्हा सांगितलं होतं: तीन दिवसांपुरतं सामान घ्या. कागदपत्रं, थोडं खाणं, बस्स. त्या दिवशी बाहेर पडलेली जवळपास ४९ हजार माणसं पुन्हा तिथं राहायला गेलीच नाहीत. चेर्नोबिलची एवढी हकिकत आपल्याला पाठ असते. त्यातल्या अनेकांचं बिऱ्हाड पुढे जिथं पडलं, ते स्लावुटिच मात्र फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसतं.

'विस्थापितांसाठी बांधलेलं शहर' अशी त्याची ओळख करून देतात. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. फुटली होती ती चौथी अणुभट्टी. उरलेल्या तीन सोव्हिएत सरकारला चालवायच्याच होत्या. पहिली भट्टी त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा सुरूही झाली. कामगार पाळीपाळीनं येऊन झेलेनी मिस नावाच्या तात्पुरत्या वसाहतीत राहत आणि बायकापोरं दूर दुसरीकडं. असं किती दिवस चालणार? त्याच ऑक्टोबरात नव्या शहराचा निर्णय झाला. जागा ठरली नेराफा या चिमुकल्या रेल्वे स्टेशनाजवळच्या जंगलात, प्रकल्पापासून पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर, नीपर नदीच्या पलीकडे. नावही नीपरचंच, जुनं.

बांधायला आठ प्रजासत्ताकं आली. युक्रेन आणि रशिया होतेच. शिवाय आर्मेनिया, अझरबैजान, जॉर्जिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया. ज्यानं त्यानं आपापल्या धाटणीची वस्ती उभी केली, म्हणून इथं पेठा आहेत त्या येरेवान, बाकू, तिबिलिसी, तालिन, रिगा, व्हिल्नियस अशा नावांच्या. येरेवान पेठेत आर्मेनियाचा गुलाबी तुफा दगड, तर बाल्टिक पेठांमध्ये ठेंगणी, सुटी घरं. ऑक्टोबर १९८८ मध्ये कुटुंबं राहायला येऊ लागली आणि तीनच वर्षांत सोव्हिएत संघ मोडला. ज्यांनी मिळून हे गाव बांधलं, त्यांच्यामध्ये सीमा आल्या.

सीमेची गंमत रोजच्या लोकलमध्येही होती. स्लावुटिचहून प्रकल्पाकडे जाणारी कामगारांची गाडी वाटेत बेलारूसचा तुकडा ओलांडायची. ना पासपोर्ट, ना तपासणी. तपासणी व्हायची ती परतताना, प्रकल्पाजवळच्या सेमिखोदी फलाटाआधी: यंत्रात हात-पाय टेकवायचे, किरणोत्सर्ग लागलेला नाही असं दिसलं की पुढं जायचं.

१५ डिसेंबर २००० ला शेवटची भट्टी बंद झाली. वीज थांबली तरी काम उरलं: वापरलेलं इंधन सांभाळणं, प्रकल्प मोडीत काढणं. पण त्याला माणसं कमी लागतात, आणि सुमारे २५ हजारांच्या या शहराला दुसरा मोठा धंदा नव्हता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्यानं प्रकल्प ताब्यात घेतला तेव्हा पाळीवर असलेले कर्मचारी तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथंच अडकून पडले. त्यांची जागा घ्यायला गेले तेही स्लावुटिचकरच. २६ मार्चला सैन्य शहरात शिरलं, महापौरांना धरलं; लोक चौकात जमले आणि महापौर सुटले. सैन्य मागे फिरलं, पण बेलारूसमधून जाणारी ती लोकल बंद पडली. पन्नास किलोमीटरवरच्या कामावर जायला आता शेकडो किलोमीटरचा वळसा घालावा लागतो.