ट्रेलर जोडला की बल्बचा इशारा: दोष एलईडीचा की अर्थचा?

ट्रेलर जोडला, इंडिकेटर दिला आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा आला. मागे जाऊन बघावं तर दिवे लागलेले. गोव्यात पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेले होड्यांचे आणि जेट-स्कीचे ट्रेलर सीझनच्या तोंडावर बाहेर निघतात, तेव्हा हे हमखास घडतं. मग 'एलईडी आहे ना, असंच होणार' म्हणत जास्तीचा करंट खेचणारा रेझिस्टर लावून मोकळं होण्याची घाई होते. पण अगदी हाच इशारा खराब अर्थमुळेही, म्हणजे करंट परत नेणाऱ्या अर्थिंगच्या जोडणीमुळेही येतो, आणि तेव्हा तो खरा असतो.

गाडी दिवा बघत नाही, करंट मोजते. 21 वॅटचा साधा इंडिकेटर बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 1.75 अँपिअर खेचतो. एलईडीला त्याहून कितीतरी कमी पुरतो. त्यामुळे ट्रेलरच्या दिव्यांवर नजर ठेवणाऱ्या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला वाटतं, बल्ब उडाला. हा झाला खोटा इशारा. तो दर वेळी येतो, त्याच दिव्यासाठी येतो, ऊन असो की पाऊस. काही गाड्यांत इंडिकेटरची टिकटिक जलद होते. काहींत स्विच बंद असतानाही एलईडी मंद लुकलुकतात, कारण मॉड्यूल बल्ब तपासायला मधूनमधून करंटचे बारीक झटके पाठवतं. दिव्यांचा उजेड मात्र पुरेपूर असतो.

अर्थ खराब असला की दिवे वेड्यासारखे वागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो. इंडिकेटर दिला की पार्किंग लाइटही त्याच्या तालावर उघडझाप करते. सात पिनांच्या नेहमीच्या सॉकेटात तीन नंबरची पिन, पांढरी वायर, ही अर्थ. सगळ्या दिव्यांचा करंट तिथूनच परत जातो. ती वाट अडली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, हवा तिथे कमी पडतो आणि मॉड्यूल तक्रार करतं. आज डावा, उद्या उजवा, खड्ड्यात गाडी आपटली की गायब, असा हा इशारा फिरत राहतो.

आपल्याकडे याचं मूळ बहुतेकदा खारं पाणी. होडी उतरवताना ट्रेलर मांडवीच्या नाहीतर शापोराच्या पाण्यात चाकं बुडेपर्यंत जातो. चासीला जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तिथला बोल्ट सोडून बघा: टर्मिनलखाली गंजाचा थर, आणि वायरचं आवरण बोटभर सोललं तर आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं. वरून सगळं धडधाकट दिसतं. आणखी एक फसवणूक म्हणजे टो-बॉल, ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा लोखंडी गोळा. लोखंडाला लोखंड टेकल्याने त्यातूनही थोडा करंट परततो, म्हणून ट्रेलर उभा असताना दिवे नीट लागतात आणि रस्त्यावर हादरे बसले की बिघडतात.

दोन्हींतला फरक ओळखायला एक वायर आणि एक 21 वॅटचा बल्ब बास. आधी ट्रेलरच्या चासीचा खरवडून चकचकीत केलेला भाग आणि अर्थची वायर, दोन्ही एका जाड वायरने गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. दिवे शहाणे झाले, तर अर्थ. फरक पडला नाही, तर ज्या इंडिकेटरची तक्रार आहे त्याच्या वायरींना तो बल्ब समांतर जोडा. बल्ब लख्ख पेटला आणि इशारा गेला, तर एलईडीचा कमी लोड, म्हणजे करंटच कमी खेचला जातो. काही गाड्या चावी बंद करून परत चालू केल्यावरच ट्रेलर नव्याने ओळखतात, हे तपासताना लक्षात ठेवा.

अर्थ असेल तर वायरचा सडलेला भाग कापून टाका, नवं टर्मिनल लावा, वर ग्रीस द्या. एलईडी असेल तर रेझिस्टर चालतो, पण 6 ओहमचा रेझिस्टर पेटलेला असताना 25 ते 30 वॅट उष्णता टाकतो. तो प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला टेकता कामा नये, धातूच्या पत्र्यावरच बसवावा. पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरवर तर मी तो लावूच नये म्हणेन. त्याऐवजी लोड देणारं मॉड्यूल गाडीतच, सॉकेटच्या मागे कोरड्या जागी बसवून घ्या.