एका थेंबातले इलेक्ट्रॉन

"आत्ता शुगर १४२ दाखवली, दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटाला १२९. मशीन खोटं बोलतंय का रे?" काकांचा हा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच.

खोटं नाही बोलत. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शुगर १०० च्या वर असेल, तर शंभरातल्या ९५ मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत आल्या की ग्लुकोमीटर पास. म्हणजे खरी शुगर १३५ असताना ११५ चालते आणि १५५ सुद्धा.

मला कौतुक आहे ते ग्लुकोमीटरमध्ये खोचायच्या त्या पट्टीचं. थेंब टेकवला की अर्धा-एक मायक्रोलिटर रक्त केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप चढतो तसं, आत ओढलं जातं. आत वाळवून ठेवलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. बऱ्याच पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज, एका बुरशीकडून मिळवलेलं. ते ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. बुरशीत हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या पदरात पडतात. पट्टीत मात्र त्यांना वाटेतच पळवायला एक मध्यस्थ बसवलेला असतो, उदाहरणार्थ फेरिसायनाइड. त्याचं फेरोसायनाइड होतं, ते इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन टाकून पुन्हा पूर्ववत होतं आणि काही मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह वाहतो. इलेक्ट्रोडजवळचे रेणू संपतात, लांबचे विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, यायला वेळ लावतात, म्हणून हा प्रवाह काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो. पडद्यावर पाच, चार, तीन चाललेलं असतं तेव्हा यंत्र हा उतार वाचत असतं. ऑक्सिजनही आपला वाटा सोडत नाही. त्यामुळे उंच डोंगरावरच्या विरळ हवेत अशा काही पट्ट्या आकडा वाढवून दाखवतात. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या तरी तेच.

आता हिशेब करा. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज. द्राक्षं हाताळलेल्या बोटावर तेवढंच, डोळ्यांना न दिसणारं ग्लुकोज उरलं आणि थेंबात उतरलं, तर आकडा दुप्पट! गंमत म्हणजे चहातली साखर सुक्रोज, तिला हे विकर ओळखत नाही. फळं आणि मध ग्लुकोज घेऊनच येतात. स्पिरिटचा बोळा फिरवून ते निघेलच असं नाही. हात पाण्याने धुवा आणि नीट पुसा, ओल्या बोटावर थेंब पातळ होतो.

कडू रस पिऊन लगेच मोजणारे आणि "उतरली बघ" म्हणणारे भेटतात, त्यांनी वरचे १५ टक्के आठवावेत. न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांचं तर विचारूच नका. असं स्वतः मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. त्वचेखाली बारीक तंतू ठेवणारे सेन्सर वेगळे, त्यांच्यातही बहुधा विकरच असतं.

परवा काकांना विचारलं, पट्ट्यांच्या डबीचं झाकण लावता ना? दमट हवेत विकर आणि मध्यस्थ दोन्ही बिघडतात. म्हणाले, "कशाला? रोजच तर लागते." नवी डबी आणायला सांगितली.